दुखणे, दुभाषी आणि दवाखाना

एम.ए.च्या वर्गात भाषांतराची अभ्यासपत्रिका शिकवताना आम्ही दरवर्षी एक प्रश्न विचारतो : तुम्ही आयुष्यातले पहिले भाषांतर केव्हा केले? उत्तरे बहुधा ठरावीक येतात. कुणी शाळेत इंग्रजी धड्याचे केलेले असते, कुणी हिंदी कवितेचे. काही वर्षांपूर्वी भामरागडकडून आलेल्या एका विद्यार्थ्याने मात्र सांगितले की, त्याने पहिले भाषांतर अकराव्या वर्षी एका दवाखान्यात केले आणि ते मुद्दाम चुकीचे केले.

तो तेव्हा आश्रमशाळेत होता. घरात मराठी येणारा तो एकटाच, म्हणून आजारी मावशीबरोबर त्याला धाडले गेले. डॉक्टर बाहेरच्या जिल्ह्यातले होते, वागायला चांगले होते आणि त्यांनी अगदी हळू आवाजात, साध्या मराठीत विचारले, "अंगावरून पांढरं जातं का, एवढं विचार तिला." मुलाला प्रश्न समजला. पण भाच्याने मावशीला हे विचारायचे नसते. त्याने माडियात विचारले, पोट दुखते का? मावशी हो म्हणाली. त्याने डॉक्टरांना 'हो' सांगितले. पोटदुखीच्या की आणखी कशाच्या गोळ्या मिळाल्या, आणि दोघे घरी आले.

हा प्रसंग ऐकल्यापासून आमच्या मनात एक गोष्ट घर करून आहे. त्या खोलीत इंग्रजीचा एक शब्दही नव्हता. डॉक्टर मराठीत बोलत होते, म्हणजे ज्याला आपण 'लोकांची भाषा' म्हणतो तीत. ज्ञानव्यवहार मातृभाषेतून व्हावा, असे आम्ही मराठीचे प्राध्यापक व्याख्यानांतून सांगत आलो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा महाविद्यालयात पेढे वाटले, ते आम्हीही खाल्ले. पण पर्लकोटा नदी ओलांडली की मराठीचे काय होते? पुण्या-मुंबईत इंग्रजीसमोर मराठी माणसाची जी अवस्था होते, तीच तिथे मराठीसमोर माडिया माणसाची होते. प्रस्तुत लेखात आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैद्यकसेवेकडे या एकाच बाजूने, भाषेच्या बाजूने, पाहणार आहोत.

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार होती, आणि तीत आदिवासींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक. एवढ्या विरळ वस्तीत किती भाषा नांदतात, हे बाहेरच्यांना चटकन खरे वाटत नाही. वडसा-आरमोरीकडे झाडीबोली, धानोऱ्याकडे गोंडी, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली. झाडीबोली तर मराठीचीच. तरी तीत 'ळ'चा 'र' होतो, डोळा 'डोरा' होतो. 'गोरी' म्हणजे औषधाची गोळी, हे लक्षात यायला घाटावरून आलेल्या नव्या डॉक्टरला चार दिवस लागतात. गोंडी आणि माडिया या तर द्राविडी कुळातल्या. तमिळमध्ये आजाराला 'नोय' म्हणतात, तेलुगूत दुखण्याला 'नोप्पी', कन्नडमध्ये 'नोवु'. गोंडीतले दुखण्याचे 'नोय' हे धातुरूप याच घराण्यातले. म्हणजे भामरागडच्या माणसाचे दुखणे शब्दाच्या नात्याने पुण्यापेक्षा मदुरेला जवळचे आहे. भाषाविज्ञानाच्या तासाला ही गंमत म्हणून सांगता येते. दवाखान्यात तिची गंमत उरत नाही.

बाहेरच्या विद्वानांनी या भाषांची दखल घेतली नाही, असे मात्र नाही. नागपूरला असलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांविषयी टिपणे, शब्दसंग्रह आणि लिंगोचे दीर्घ गीत गोळा केले. त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी ते संपादून छापले. पुढे ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला, त्यात गोंडीचा समावेश आहे. या सर्वेक्षणाची पद्धत आपल्या वाचकांना ठाऊक असेल. प्रत्येक बोलीत बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट भाषांतरित करून घ्यायची आणि २४१ शब्द-वाक्यांची एक ठरावीक यादी भरून घ्यायची. ही यादी आम्ही मध्यंतरी पुन्हा एकदा निवांत पाहिली. तीत हात, पाय, डोके, पोट, पाठ हे सारे अवयव आहेत. मरणे हे क्रियापद आहे. रूपे चालवून दाखवण्यासाठी निवडलेले क्रियापद आहे 'मारणे' : मी मारतो, तू मारतोस, मला मारले जाते. घोड्याचे वय विचारणारे वाक्य आहे, इथून काश्मीर किती लांब आहे असे विचारणारेही आहे. दुखणे नाही. कुठे दुखते, हे वाक्य सबंध यादीत नाही.

ग्रिअर्सनना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचे प्रयोजन व्याकरणाचे होते. पण त्यामुळे एक वस्तुस्थिती बदलत नाही. डॉक्टर या जंगलात आला तेव्हा त्याच्या हातात देण्यासारखे भाषेचे कोणतेही साधन विद्वानांनी तयार केलेले नव्हते. ते त्याला स्वतःच घडवावे लागले.

चंद्रपूरकडे, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले. त्यांच्या संस्थेचे १९४९ सालचे नाव 'महारोगी सेवा समिती'. 'महारोग' हा शब्द आज सभ्य समजला जात नाही, आपण 'कुष्ठरोग' म्हणतो. गावात 'रक्तपिती' म्हणत. एकाच रोगाची ही तीन नावे, आणि प्रत्येक नावागणिक रोग्याची समाजातली जागा बदलते. 'ज्वाला आणि फुले' लिहिणाऱ्या कवीला हे कळत नव्हते असे नाही. त्यांनी नाव पुसले नाही. त्या नावाशेजारी 'आनंद' आणि 'वन' हे दोन शब्द मांडले. यावर स्वतंत्र लेख व्हावा, इथे एवढेच.

बाबांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे हे डॉक्टर दांपत्य तिथे राहायला गेले. पावसाळ्यात नद्या फुगल्या की सबंध भाग जगापासून तुटे. सुरुवातीला रुग्ण येतच नसत. माडिया माणूस अनोळखी माणूस दिसला की झाडीत नाहीसा होई. आता 'प्रकाशवाटा'मुळे या साऱ्या गोष्टी घरोघरी पोहोचल्या आहेत, म्हणून त्या पुन्हा सांगत नाही. आमचे लक्ष वेधून घेतात त्या दोन कृती. एक म्हणजे, ते माडिया भाषा शिकले. कोश नाही, व्याकरण नाही, रुग्णांकडूनच शिकले. दुसरी, प्रकाशरावांनी शर्ट-पँट सोडून अर्धी चड्डी आणि बनियन हा वेष धरला, कारण अंगभर कपडे घातलेला माणूस म्हणजे जंगलखात्याचा नाही तर पोलीसखात्याचा, अशी तिथली जुनी समजूत. वेष हाही भाषेचाच भाग असतो, हे चिन्हमीमांसा आम्हांला वर्गात शिकवते. तिथे ते न शिकताच उमगले होते. पुढे १९७६ साली तिथे शाळा निघाली. २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याग आणि सेवा या शब्दांची रेलचेल केली. भाषा शिकण्याच्या त्या खडतर उद्योगाबद्दल फारसे कुणी लिहिले नाही. त्याग वाचकाला परवडतो, कारण तो दुसऱ्याने करायचा असतो. भाषा शिकणे मात्र कुणालाही करता येण्यासारखे आहे, म्हणून ते अडचणीचे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. तोपर्यंत खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे सरकारी आणि वैद्यकीय समीकरण होते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी जो निबंध लिहिला, तो जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. हे आकडे पुष्कळदा उद्धृत होतात. आम्हांला त्याच निबंधातला तिसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो : तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या, उरलेल्या ४५ टक्क्यांनी काहीच सांगितले नव्हते. साधी वजाबाकी केली तरी दिसते की, काहीच न सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्य आजारी होत्या. समीक्षेत आपण ज्याला मौन म्हणतो, ते इथे टक्केवारीत मोजलेले आहे.

हे मौन फोडायचे तर आधी शब्द हवेत, आणि ते बायकांचे हवेत. 'श्वेतप्रदर' हा शब्द वैद्यकाच्या मराठी पुस्तकात असतो. बाई 'धुपणी' म्हणते, 'अंगावरून जातं' म्हणते. गर्भाशय कुणी म्हणत नाही, 'पिशवी' म्हणतात. पाळीला तर 'अडचण', 'बाहेरची', 'कावळा शिवला' अशी नावांची माळच आहे, आणि त्यातले एकही नाव शरीराचे नाही. ती सारी जागेची किंवा पक्ष्याची. इथे एका शब्दापाशी जरा थांबावेसे वाटते. 'अंग' हा मराठीतला केवढा राबता शब्द! अंगावर पाजणे म्हणजे आईचे दूध. अंगावर जाणे म्हणजे रोग. अंग बाहेर येणे हाही रोगच, पण निराळा. अंगात येणे म्हणजे देवी. आणि या सगळ्यांवर कडी करणारा वाक्प्रचार, दुखणे अंगावर काढणे. काढायचे तर ते अंगातून, पण आपली भाषा 'अंगावर' म्हणते, आणि तीत सोसण्याचे एक कौतुकही मिसळलेले असते. शब्दार्थाच्या तासाला आम्ही हा वाक्प्रचार सहनशीलतेचे उदाहरण म्हणून दिलेला आहे. वसा-अमिर्झाच्या त्या ४५ टक्क्यांची आठवण ठेवली तर पुन्हा तसा देववणार नाही.

राणी बंग यांनी बायकांकडून जे ऐकले त्याचे पुस्तक मराठीत आहे आणि त्याचे नाव 'कानोसा'. गावातल्या झाडांशी असलेले बायकांचे नाते सांगणाऱ्या दुसऱ्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले 'गोईण', म्हणजे मैत्रीण. दोन्ही नावे पाहिली की या डॉक्टरबाईंचा कान कोणत्या जातीचा आहे ते समजते. कानोसा घेणारा माणूस दाराबाहेर उभा असतो, आपण आत नाही हे त्याला ठाऊक असते. स्त्रीवादी साहित्यावरच्या आमच्या अभ्यासपत्रिकांत आम्ही आत्मचरित्रे लावली, कवितासंग्रह लावले. 'कानोसा' लावावे, असे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आले नाही, कारण ते 'वैद्यकीय' होते. असो.

बालकांच्या न्यूमोनियाची गोष्टही अशीच. आपल्याकडे गावात त्याला 'डब्बा' म्हणतात. नाव आहे म्हणजे रोगाची ओळख आहे. प्रश्न होता तो साध्या सर्दी-खोकल्यापासून त्याला वेगळे कसे काढायचे हा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाला आणि त्याहून मोठ्या तान्ह्याचा पन्नास, तर धोका. पण ज्या सुइणींनी आयुष्यभर बाळंतपणे केली, त्यांतल्या कित्येकींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा बंगांनी मण्यांची पाटी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ मिळून 'श्वासमापक' बनवला. ठरावीक श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर उपचार सुरू करायचा. निरक्षर बाईला आकडे शिकवत बसण्याऐवजी आकडा तिच्या बोटांच्या भाषेत आणला, याला आम्ही तरी उत्तम भाषांतरच म्हणू. न्यूमोनियाच्या या कामाचा निबंध १९९० मध्ये आणि घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दुसऱ्या प्रयोगात ३९ गावांत गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले होते. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिथला नवजात बालमृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. पुढे २०११ पासून हीच पद्धत देशभर आशांच्या कामात आली. या यशाची कारणे सांगताना इंजेक्शन आणि औषधांचा उल्लेख होतो, तो रास्तच आहे. पण आरोग्यदूत ही त्याच गावची, बाळाच्या आजीला 'मामी' नाहीतर 'काकी' म्हणून हाक मारणारी होती, हे कारण कोणत्या रकान्यात भरायचे?

याच संशोधनात 'शाब्दिक शवविच्छेदन' नावाचा एक प्रकार आहे. मूल घरीच गेलेले असते, कागद नसतो, तपासणी नसते. मग मृत्यूनंतर काही काळाने आईला विचारायचे : आधी काय झाले, मग काय झाले, रडणे केव्हा थांबले, दूध केव्हा सोडले. तिच्या कथनातून मृत्यूचे कारण काढायचे. बंगांनी यासाठी निकष सुचवले, ते १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आले. कथनमीमांसा शिकवणाऱ्या आम्हांला हे वाचून ओशाळल्यासारखे झाले. कथनाचा काळ, निवेदकाची विश्वसनीयता, गाळलेल्या जागा हे सगळे आमचे शब्द. आणि इथे एका 'मग' या अव्ययाच्या जागेवर, ताप आधी की झटके आधी, यावर एका मुलाच्या मृत्यूचे कारण ठरते. महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवरचा जो अहवाल पुढे गाजला त्याचे नाव 'कोवळी पानगळ' होते. आकड्यांच्या अहवालाला असे नाव देणारा माणूस वाचकाला ओळखून असतो.

आता शोधग्रामच्या दवाखान्याविषयी. दवाखाना बांधण्यापूर्वी बंगांनी आदिवासींना विचारले की, तुम्ही मोठ्या दवाखान्यात का जात नाही? उत्तरे अनेक आली. तिथे आमची भाषा कुणी बोलत नाही, नातलगांना आत राहू देत नाहीत, इमारतीत हरवल्यासारखे होते. एक उत्तर मात्र कुणाच्याही कल्पनेतले नव्हते : तिथले सगळे लोक पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतो. स्वच्छतेचे आपले चिन्ह समोरच्याच्या लेखी प्रेताचे चिन्ह होते. मग झोपड्यांसारख्या, आदिवासी गावाच्या धर्तीवर खोल्या बांधल्या, नातलगांनी रुग्णाबरोबर राहण्याची सोय केली आणि लोकांनीच सुचवलेले देवीचे नाव दिले, 'माँ दंतेश्वरी दवाखाना'.

ही कथा आता इतक्या वेळा सांगितली जाते की तिचा एक धोका संभवतो, आणि तो न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. संस्कृतीची जाण म्हणजे कौलारू छप्पर आणि भिंतीवरची चित्रे, असे समजून सरकारी इमारतींवर ढोल वाजवणारी माणसे रंगवण्याची टूम निघाली आहे. आत शिरल्यावर केसपेपर मराठीत, संमतिपत्र मराठीत, औषधाच्या चिठ्ठीवर लॅटिन वळणाची इंग्रजी. भिंत गोंडी आणि टेबल मराठी! दुसरा पेच याहून अवघड आहे. माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या 'कुर्माघरा'त राहायचे असते. त्या दिवसांत ती आजारी पडली, तिला साप चावला, तर तिला स्पर्श करून दवाखान्यात न्यायचे कुणी, असा प्रश्न पडतो आणि त्यात वेळ जातो. अलीकडे काही संस्थांनी पक्की, पलंग-शौचालय असलेली कुर्माघरे बांधून दिली. त्यावर आक्षेप असा की, याने प्रथाच पक्की होते. उलट तिथल्या काही बायका सांगतात की, निदान छत तरी गळत नाही. आमचे मत विचाराल तर प्रथा जायला हवी, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण विटाळाचा वेगळा कोपरा आमच्या आज्यांच्या घरांतही होता, आणि तो कुणा परक्या भाषेतल्या फलकाने गेला नाही. घरातल्याच बायका आपल्याच शब्दांत भांडल्या तेव्हा गेला. एखाद्याची भाषा येणे म्हणजे त्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावणे नव्हे. भांडण्यासाठीही ती यावी लागते.

आज आशा आहेत, परिचारिकांमध्ये गोंडी-माडिया बोलणाऱ्या मुली आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. तरीही डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये अजूनही पुष्कळदा जो हाताशी सापडेल तो दुभाषी असतो : झाडू मारणारी बाई, रुग्णवाहिकेचा चालक, शाळकरी मुलगा. दुभाष्याचे पद नाही, पगार नाही, शिक्षण नाही. न्यायालयात साक्षीसाठी दुभाषी बोलावता येतो. पोटातल्या दुखण्याच्या साक्षीला तो योगायोगाने मिळतो. मराठी विभागांत भाषांतराची अभ्यासपत्रिका शिकवली जाते, तीत आम्ही इंग्रजी कथेचे मराठी करायला लावतो. माडियातून मराठीत, तेही दवाखान्यातल्या चार वाक्यांचे, करून दाखवा असे कधी सांगितले नव्हते. त्या मुलाने सांगितल्यावर पुढच्या वर्षी सांगून पाहिले. वर्गात माडिया येणारे तिघे होते, तिघेही मुलगे.

त्याच्या मावशीचे पुढे काय झाले, असे आमच्यापैकी एकीने त्याला नंतर एकट्याला गाठून विचारले होते. दोन पावसाळ्यांनंतर ती गेली. कशाने, ते घरात कुणाला सांगता येत नाही. मग तिने विचारले, की डॉक्टरांचा तो प्रश्न माडियात नेमका कसा विचारायचा? तो बराच वेळ गप्प राहिला.

"मॅडम, तो शब्द बायकांचा आहे," तो म्हणाला. "तो मला तेव्हाही येत नव्हता, आजही येत नाही."